आठवणीतला गाव आणि सावित्रीचे पाणी

वार्षिक अंकाची जमवाजमव सुरू झाली की आमच्याकडे आखातातून कविता येऊ लागतात. कुवेत, दोहा, दम्माम, मस्कत, दुबई. पूर्वी त्या परदेशी तिकिटे लावलेल्या पाकिटांतून येत, आता मोबाइलवर येतात. पाठवणारे बहुतेक आपल्या कोकणातले. आम्ही स्वतः महाड-पोलादपूरकडचे. त्यामुळे या दोन तालुक्यांतले एखादे गाव पत्त्यात दिसले की ते लिखाण आम्ही आधी वाचायला घेतो.

कविता वाचण्यापूर्वीच तिच्यातला गाव आम्हाला ठाऊक असतो. कौलारू घर, शेणाने सारवलेले अंगण, पडवीत तसबीह ओढत बसलेली दादी, नदीत डुंबणारी पोरे, मशिदीच्या हौदातले गार पाणी, फणसाची सावली, ईदच्या सकाळचा शीरखुर्मा, पहिल्या पावसात उठणारा मातीचा वास. शेवटच्या कडव्यात कवी एसीच्या खोलीत एकटा बसलेला असतो आणि डोळे पुसतो.

एकदा आम्ही काही वर्षांच्या अशा कविता एकत्र काढल्या. कवींची नावे आणि गावांचे उल्लेख कागदाच्या पट्टीने झाकले आणि पुन्हा वाचायला बसलो. कुठली कविता महाडची, कुठली मंडणगडची आणि कुठली श्रीवर्धनची, हे आम्हाला ओळखता आले नाही. त्याहून नवल म्हणजे महाडच्या एका कवीच्या अंगणापुढे समुद्राच्या लाटा फुटत होत्या आणि माडांची रांग डोलत होती. महाड खाडीच्या वरच्या टोकाला, आत, डोंगरांच्या मध्ये आहे. पोलादपूर तर सह्याद्रीच्या पायथ्याशी; तिथून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. मग या लाटा आल्या कुठून? आम्हाला वाटते, त्या पर्यटनाच्या कॅलेंडरातून आल्या. कवी आपला गाव आठवता आठवता दुसऱ्याच कुणीतरी काढलेले कोकणाचे चित्र आठवू लागला, आणि ही अदलाबदल त्याच्या ध्यानातही आली नाही.

या लेखात आम्हाला या कवितेविषयी बोलायचे आहे. कुणा एका कवीविषयी नाही. कारण ही कविता एका माणसाची राहिलेली नाही, ती आपल्या समाजाची सवय झाली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. परदेशातल्या माणसाचे गावासाठी तुटणे खोटे आहे, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या लोकांचे बाहेर जाणे कालपरवाचे नव्हे. कोकणातले मुसलमान पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायगड-रत्नागिरीतली कितीतरी माणसे केपटाऊनला पोहोचली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज इंग्रजी बोलतात आणि तरीही स्वतःला 'कोकणी' म्हणवतात. आखातात जाणारा माणूस मुंबईच्या बंदरातून 'द्वारका' बोटीत बसे. ती बोट १९८२ पर्यंत चालू होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली आणि ज्याच्याकडे पासपोर्ट होता तो निघाला. ड्रायव्हर, सुतार, वेल्डर, स्वयंपाकी, कारकून. पत्र यायला दोन-तीन आठवडे लागत. ज्यांना लिहिता येत नसे ते कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवत. दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी सुट्टी मिळे. आपण गेल्यावर जन्मलेले मूल बापाला पाहून रडत आईमागे लपे. अशा माणसाला गाव आठवू नये तर काय करावे?

आठवणीचे हे दुखणे एके काळी खरोखरच दुखणे मानले जाई. 'नोस्टॅल्जिया' हा शब्द आज आपण सहज वापरतो. तो योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या, अन्नपाणी तोडणाऱ्या एका व्याधीचे ते नाव होते. पुढे परमुलखात भाडोत्री लढणाऱ्या स्विस शिपायांचा आजार म्हणून ते नाव गाजले.

आपल्या परंपरेत याहून एक हजार वर्षे जुनी नोंद आहे आणि तिच्यातही ताप आहे. हिजरतीनंतर मदीनेत आलेल्यांना तिथली हवा मानवली नाही. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली ही हकीकत सहीह बुखारीत आली आहे. ताप उतरला की बिलाल मक्केच्या आठवणीने कवितेच्या ओळी म्हणत. त्या ओळींत काय आहे? तिथली दरी आणि तिथे उगवणारे इज़खिर व जलील नावाचे गवत. ज्या मक्केत ते गुलाम होते, ज्या मक्केत तापलेल्या वाळूवर त्यांच्या छातीवर धोंडा ठेवला गेला, त्याच मक्केतले गवत त्यांना हवे होते. पण हकीकत इथे संपत नाही. त्या ओळींपाठोपाठ ते ज्यांनी त्यांना देशोधडीला लावले त्यांची नावे घेतात आणि त्यांच्यावर शाप मागतात. त्या नावांत उमय्या बिन खलफही आहे, म्हणजे त्यांचा छळ करणारा त्यांचा मालकच.

हा प्रसंग आम्ही इथे उपदेशासाठी आणला नाही. साहित्याच्या दृष्टीने त्यात एक कसोटी आहे, म्हणून आणला आहे. बिलाल यांच्या आठवणीत गवताला नाव आहे आणि छळणाऱ्यालाही नाव आहे. एका तोंडातून, एका दमात दोन्ही येतात. प्रेम आहे म्हणून अन्याय पुसला जात नाही आणि अन्याय झाला म्हणून गवताची ओढ कमी होत नाही. या कसोटीवर आपल्या आखाती कवितेला लावून पाहिले तर काय दिसते? तिच्यात गवताला नाव नाही आणि माणसांनाही नाव नाही.

आता या कवितेतून काय गळाले आहे ते एकेक पाहू. सुरुवात नदीपासून करू, कारण कवितेत ती हमखास असते.

कवितेतली सावित्री निळी, उथळ आणि शांत आहे. मुले तिच्यात पोहतात, बाया कपडे धुतात. खरी सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावरून पोलादपूरच्या खोऱ्यात उतरते, महाडला तिला गांधारी आणि काळ या नद्या येऊन मिळतात आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. डोंगरात ढग कोसळला आणि खालून भरती चढली की हे सारे पाणी महाड शहरात शिरते. महाडच्या माणसाला पुराचे नवल नाही, पण त्यालाही भय वाटावे असे पाऊस आपण पाहिले. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने पाण्यात गेली आणि त्यांतल्या सगळ्यांचे देहही हाती लागले नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या आणि महाड शहर पाण्याखाली राहिले. याखेरीज औद्योगिक वसाहत आल्यापासून कारखान्यांच्या सांडपाण्याची आणि मेलेल्या मासळीची तक्रार खाडीकाठची गावे करत आली आहेत.

या सगळ्यातले काही या कवितेत आले का? फारच थोडे. कुणी असे म्हणेल की कविता म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. मान्य. पण जी कविता नदीचे नाव घेते तिने नदीचा स्वभाव ओळखायला हवा. आपल्या जुन्या माणसांना तो ओळखू येई. त्यांच्या घरांची जोती कमरेइतकी उंच होती, धान्य माळ्यावर असे, आणि 'अमक्या साली पाणी इथवर आले होते' अशी खूण भिंतीवर किंवा निदान बोलण्यात असे. ते सावित्रीवर प्रेम करत आणि आषाढात तिच्याकडे लक्ष ठेवून झोपत. दादीची तसबीह कवितेत आली. दादी पावसात रात्री उठून कंदील घेऊन पाण्याची पातळी पाहून येई, ते आले नाही.

दुसरी गळालेली गोष्ट म्हणजे शेजारी. आपल्या कवितेतल्या गावात फक्त आपण राहतो. फार तर एखादा 'हिंदू दोस्त' दिवाळीचा फराळ घेऊन येतो आणि ईदला शीरखुर्मा पिऊन जातो. हा स्नेह खरा आहे, पण गाव इतकाच नव्हता. या कवितेचा लाडका शब्द आहे 'वतन'. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी. मराठीत मात्र वतन म्हणजे पिढीजात हक्क आणि पिढीजात चाकरी. देशमुखी वतन, कुलकर्णी वतन आणि महार वतनही. आमच्या कवीसाठी वतन हा हुंदका आहे. त्याच्या गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या गळ्यात वतन हा दोर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात याच वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. एकाच गावात एकाच शब्दाचे असे दोन अर्थ नांदत होते. महाडच्या कवीने तर हे विसरून चालणार नाही, कारण महाडात चवदार तळे आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्यायले. त्या तळ्यावर मुसलमानांना पाणी भरता येत होते, अस्पृश्यांना येत नव्हते. त्या दिवशी परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले तेव्हा त्यांतल्या काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. ही आपल्या गावाची खरी मिळकत आहे. ती आपल्या कवितेत का नाही? आम्हाला असे वाटते की ही आठवण काढली की तिच्यामागून एक प्रश्न येतो. तळ्यावर आपल्याला मज्जाव नव्हता. मग ज्यांना होता त्यांच्याबाबत आपल्या मोहल्ल्यातल्या विहिरींवर तेव्हा काय रीत होती? हे आपल्याकडे कुणी लिहून ठेवले नाही. फत्तेखानांचा अभिमान बाळगायचा तर हा प्रश्नही बाळगावा लागेल.

तसेच भाताच्या कणगीचे. 'आमच्या घरी भाताच्या राशी लागत' ही ओळ आम्ही कित्येकदा वाचली आहे. कोकणात खोती होती आणि हिंदूंप्रमाणे मुसलमान खोतही होते. राशी कुणाच्या घामाच्या होत्या? खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १९५७ च्या कृषिदिनाने कुळे जमिनीची मालक होऊ लागली, आणि राशी लहान झाल्या. ज्याला कवी 'हरवलेले दिवस' म्हणतो ते शेजारच्या कुणब्याच्या घरी मिळालेले दिवस असू शकतात. अर्थात आपल्यातले बहुसंख्य खोत नव्हतेच. ते स्वतः कुळे, मजूर, मासळी विकणारे होते. पण त्यांच्याही नातवाच्या कवितेत राशीच लागतात. दारिद्र्य आठवायची लाज वाटते, म्हणून तो दुसऱ्याचे वैभव आठवतो.

तिसरी गळालेली गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचते. ती म्हणजे बाई. या कवितेत आई आहे, दादी आहे, क्वचित मेंदीच्या हातांची नवी वधू आहे. पण तिला बोलायचे काम नाही. ती वाट पाहते, दुआ मागते आणि भाकरी थापते. ज्या बाईने वीस-वीस वर्षे एकटीने घर चालवले, पोरांच्या शाळा केल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणे काढली, तलाठ्याच्या कचेरीत खेटे घातले, कौले परतून घेतली, तिच्या लेखी गाव कसा आहे? तो 'स्वर्ग' आहे काय?

केरळमध्ये मलबारच्या मुसलमानांत 'कत्तु पाट्टु' म्हणजे पत्रगीत असा प्रकार आहे. १९७० च्या दशकात एस. ए. जमील यांनी दुबईला गेलेल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेले पत्र गाण्यात मांडले. त्यात तिने आपल्या सरत्या तारुण्याचा, एकटेपणाचा हिशेब मागितला. पुढे नवऱ्याचे उत्तरही गाण्यात आले. ही गाणी कॅसेटवरून घरोघर आणि आखातातल्या खोल्याखोल्यांतून वाजली. काही ऐकणाऱ्यांना ती झोंबली. ती लिहिणारा पुरुषच होता, हे खरे. पण निदान त्याने पत्राची दुसरी बाजू ऐकली. आपल्याकडे हळदी-मेंदीला बाया कोकणी बोलीत गाणी म्हणतात आणि त्यांत सासरला, नवऱ्याला टोमणे असतात. म्हणजे जीभ आहे. आपल्या छापील कवितेने ती उंबऱ्याबाहेर ठेवली.

चौथी गोष्ट कदाचित कवीला स्वतःलाही जाणवत नसेल. या कवितेत गाव जसा खोटा आहे तसाच परदेशही खोटा आहे. तिथे फक्त वाळवंट, उंच इमारती आणि एसीची खोली असते. एका खोलीत रचलेले सहा-आठ पलंग, कफीलकडे अडकलेला पासपोर्ट, संपत आलेला अकामा, चार महिने थकलेला पगार, उन्हाळ्यात मचाणावर चढून करायचे काम, हे येत नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मेले. ते ज्या खोल्यांत राहत होते तशाच खोल्यांतून आपल्या कविता येतात, पण खोली कवितेत येत नाही. मलयाळम लेखक बेन्यामिन यांनी २००८ साली 'आडुजीवितम्' ही कादंबरी लिहिली. सौदीच्या वाळवंटात शेळ्यांमागे गुलामासारखा राबवला गेलेला नजीब तिच्यात आहे. बेन्यामिन स्वतः बहरीनला नोकरीला होते. कुणी म्हणेल, आपल्या माणसाला घरच्यांना दुःख सांगायचे नसते, म्हणून तो पत्रातही सुखरूप असल्याचेच लिहितो. हे आम्हाला कळते. पत्रात ही माया आहे. पण कवितेनेही तेच केले तर मग खरे बोलायचे कुठे?

१९९० चे उदाहरण घ्या. २ ऑगस्टला इराकने कुवेत गिळले आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्यांत आपल्या कोकणातली माणसे होती. ती गावात आली ती सुट्टीवर आली नव्हती. रिकाम्या हाताने आली होती. अत्तराच्या बाटल्या आणि चॉकलेटे नव्हती, परतीचे तिकीट नव्हते. ज्या गावासाठी ती रडत होती तो गाव आता समोर होता, फणसासकट आणि नदीसकट. आणि पुढच्या फेब्रुवारीत कुवेत मोकळे झाल्यावर त्यांतली कित्येक पुन्हा निघाली. का? कारण गावात काम नव्हते. आपल्या कवितेने या सात महिन्यांना हात लावला असता तर तिला गावाविषयी खरे काही सांगता आले असते. प्रेम आणि पोट यांचा हा तिढा म्हणजेच आपले जगणे आहे. तो सोडून आपण शीरखुर्म्याविषयी लिहीत राहिलो.

आपल्याजवळ याहून चांगले नमुने नाहीत असे नाही. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांच्या इतर भूमिकांविषयी आपल्यात मतभेद होते, आहेत. तो विषय इथला नाही. पण त्यांची १९६५ ची 'इंधन' ही कादंबरी परतणाऱ्या माणसाचीच आहे. निवेदक आजारपणानंतर मुंबईहून कित्येक वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी विश्रांतीला येतो. आपल्या कवितेतला कवी ज्या क्षणी डोळे पुसतो, तिथे दलवाईंची कादंबरी सुरू होते. निवेदकाला घर दिसते, नदी दिसते, आणि मग हळूहळू माणसे दिसू लागतात. मुसलमान, सवर्ण, नवबौद्ध, कुळे. त्यांचे जुने हिशेब, घराघरांतली लपवलेली नाती. शेवट हिंसेत होतो. दलवाईंनी गावावर डूख धरून हे लिहिले असे वाचताना वाटत नाही. गावाची ओढ असल्याशिवाय इतके तपशील लेखकाच्या हाती लागत नाहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण आपले जगणे आपल्या मराठीत मांडू, अशी उमेद होती. त्या उमेदीला 'इंधन'ने पंचवीस वर्षे आधीच वाट दाखवली होती.

श्री. ना. पेंडसे यांचेही तसेच. दापोली तालुक्यातल्या मुर्डीतून ते लहानपणीच मुंबईला आले, बेस्टमध्ये नोकरी केली आणि मुंबईत बसून 'गारंबीचा बापू' लिहिली. तेही दुरूनच आठवत होते. पण त्यांच्या गारंबीत कद्रू, धूर्त, हट्टी माणसे आहेत, म्हणून ती गारंबी जिवंत राहिली.

आणि हसत हसत हेच सांगणारे मुश्ताक अहमद यूसुफी. त्यांच्या 'आब-ए-गुम' (१९९०) मधला तो कानपूरहून कराचीला गेलेला म्हातारा आठवतो? मागे सोडलेल्या हवेलीचा फोटो तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहतो. वाचक आधी हसतो, मग त्याला वाईट वाटते. यूसुफी त्याची थट्टा करतात, पण त्याला हलका करत नाहीत. आपली आखाती कविता म्हणजे तो फोटो आहे. फोटो दाखवणाऱ्या माणसाविषयी लिहिणारा मात्र आपल्यात अजून यायचा आहे.

तरी कानपूर-कराचीत आणि महाड-कुवेतमध्ये एक मोठा फरक आहे. कराचीचा म्हातारा परत जाणार नव्हता. केपटाऊनची माणसेही तिथलीच झाली. आखातातल्या आपल्या माणसाला मात्र नागरिकत्व मिळत नाही. नोकरी संपली की त्याला परतावेच लागते. त्याचा गाव स्वप्नात ठेवून भागत नाही, उतारवयात त्याला तिथे राहायचे असते. म्हणून ही केवळ कवितेच्या चांगल्या-वाईटाची गोष्ट नाही. आठवणीतल्या नदीच्या भरवशावर माणूस निवृत्तीचे घर नदीकाठी बांधतो. लहानपणी त्या काठावर तो खेळलेला असतो, आणि खेळला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. घर गुळगुळीत फरशीचे, मोठ्या गॅलरीचे, पण जोते वीतभर. पूररेषा कुठे आहे हे विचारायचे त्याला सुचत नाही, कारण त्याच्या आठवणीत पूर नाही. घर बांधून तो पुन्हा परदेशी जातो आणि कुलूप लावलेल्या त्या घरात पहिल्यांदा राहायला येते ते सावित्रीचे पाणी.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. २०२१ च्या पुरानंतर पोलादपूरकडच्या एका भगिनीने आमच्याकडे चार पाने पाठवली होती. कोकणी बोलीत मिसळलेले मराठी, काही ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका. घरात शिरलेला चिखल कसा काढला, पहिल्यांदा काय बाहेर टाकावे लागले, कुराण शरीफच्या भिजलेल्या प्रती कशा सोडवून वाळवल्या, आणि या सगळ्यात परदेशातून नवऱ्याचे फोन येत होते तेव्हा ती त्याला काय सांगत होती आणि काय सांगत नव्हती, हे त्यात होते. आम्ही ते वाचले, हळहळलो, आणि बाजूला ठेवले. 'अंक ईदच्या आनंदाचा आहे, हे फार उदास होईल' असे आम्ही आपसात म्हणालो. त्या जागी आम्ही एक कविता छापली. तीत कौलारू घर होते, दादी होती आणि निळी नदी होती. कवीच्या गावच्या नदीतून त्याच वर्षी तळियेच्या मातीचे लोंढे गेले होते. नंतर आम्ही त्या भगिनीला निरोप पाठवला, पण पाने तिच्याकडे राहिली नव्हती आणि आमच्याकडूनही ती गहाळ झाली होती. पुन्हा लिहायला ती तयार झाली नाही. तिचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही.

म्हणजे ही कविता कवी एकटा घडवत नाही. संपादक ती निवडतात, मुशायऱ्यात आपण तिला दाद देतो, घरचे लोक ती मोबाइलवर पुढे पाठवतात. परदेशातल्या माणसाला जो गाव हवा तो आपण त्याला पुरवतो, कारण त्याच्या पैशावर घर चालते आणि त्याला दुखवायचे नसते. पुरात मदतीचे पैसेही त्याच्याकडूनच येतात, हे विसरून चालणार नाही. आपत्ती आली की तो आधी धावतो. मग ज्या माणसाला गावाचे संकट सोसते त्याला गावाविषयीचे खरे लिखाण सोसणार नाही, असे आपण का धरून चालतो?

बिलाल (रजि.) यांच्या त्या हकीकतीचा शेवट सांगायचा राहिला. त्यांची तळमळ ऐकून प्रेषित मुहंमद (स.) यांनी दुआ केली ती अशी, की मक्केइतकीच, किंबहुना अधिक, मदीना आम्हाला प्रिय कर. पुढे मक्का जिंकली गेली, परतीचा रस्ता मोकळा झाला, तरी ते मदीनेतच राहिले. जिथे आपण आज राहतो त्या जागेचेही आपल्यावर काही देणे लागते, असा आम्ही त्यातून अर्थ घेतो. आपल्या कवींना आमचे सांगणे असे की कुवेतविषयीही लिहा. ती खोली, त्या खोलीतला बंगाली आणि नेपाळी सोबती, शुक्रवारची दुपार. आणि गावाविषयी लिहाल तेव्हा वाडीचे नाव लिहा, नदीकाठच्या गवताचे नाव लिहा, शेजाऱ्याचे आडनाव लिहा. ते आठवत नसेल तर घरी फोन करून विचारा. विचारता विचारताच निम्मी कविता हाती लागेल.

पुढच्या अंकासाठी आम्ही काही पाने राखून ठेवत आहोत. महाड-पोलादपूरकडच्या, आणि एकूणच कोकणातल्या, ज्या भगिनींनी घरे राखली त्यांनी लिहावे. बोलीत लिहिले तरी चालेल, शुद्धलेखनाचे आम्ही पाहू. परदेशी असलेल्या भावांनी उत्तरे लिहावीत. आणि या वेळी आलेली पाने आम्ही आल्या दिवशीच नकलून ठेवू.